वीस जणांचा संघ

नांदेड
५ ऑक्टोबर २००३

अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. ही बातमी दुकानातल्या फोनवर सांगितली असती, पण तिथं आपण बोलतो आणि सगळं डोंगरकडा ऐकतं. तुला आधी कळावं म्हणून पत्र.

मी भारताच्या संघात निवडला गेलो! खेळाचं नाव फ्लोअरबॉल. तू म्हणशील, हे आणखी काय. हॉकीसारखाच आहे, पण बंद हॉलमध्ये खेळतात. काठी प्लॅस्टिकची, हलकी. चेंडूही प्लॅस्टिकचा, पोकळ, सगळीकडून भोकं असलेला. हातात घेतला तर वजन कळत नाही, अंगावर आला तर वळ उठतो. मी गोलकीपर. गोलकीपरला काठी नसते. गुडघ्यांवर बसायचं आणि हातानं, छातीनं, तोंडावरच्या जाळीनं जमेल तसं अडवायचं. सर म्हणतात, या पोराला चेंडूची भीतीच नाही. तुझा लाडका दीर दत्तू आणि मी माळावर ढेकळांनी मारामारी करायचो, ते त्यांना कुठं माहीत.

डिसेंबरात झेक प्रजासत्ताक नावाच्या देशात पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. तिचं प्रमाणपत्र मिळालं की क्रीडाशिक्षकाच्या नोकरीत पुढचा नंबर लागेल. आई-बाप गेल्यावर तू मला डोंगरकड्याला आणलंस आणि तुझ्या सासूनं, मोठ्या मायनं, एक शब्द न विचारता माझी ताटली दत्तूच्या ताटलीशेजारी मांडली. या नोकरीतून ते फिटणार नाही, पण काहीतरी करता येईल. मोठ्या मायला माझा नमस्कार सांग.

संघाचे मॅनेजर तातेराव म्हणून आहेत, मूळचे कळमनुरीकडचे. एक गोष्ट मात्र मला समजली नाही. शिबिरात आम्ही चौदा जण आहोत आणि भिंतीवरच्या यादीत वीस ओळी. सहा ओळींपुढं नाव नाही. मी विचारलं तर तातेराव हसले. म्हणाले, "तू चेंडू बघ, कागद मी बघतो."

तुझा
शिवहार


डोंगरकडा
१६ ऑक्टोबर २००३

चि. शिवा,

तुजं पत्र मोठ्या मायला वाचून दाखवलं. त्यांनी गूळ वाटला. दोन घरं सोडून तिसऱ्या घरी जाऊन आल्या आन पुन्ना मला म्हणल्या, "सत्यशीला, वाच आणखी एकडाव."

तातेराव आमाला ठावा हाय. तुज्या दाजीची आन त्याची कळमनुरीच्या बाजारात वळख झाली. माणूस बोलण्यात गोड वाटला.

मला जरा इचारायचं हाय. तिकडं थंडी लई असती का? खेळायच्या आधी साहेब लोक काही परीक्षा घेतेत का? ज्याला खेळ कमी येतो त्याला बाकावर बसून राहिलं तर चालतं का? तू हसशील, पण मला घरात बसून हेच सुचून राहिलं.

लोकर काढली. मी तुज्यासाठी स्वेटर विणून राहिले. दोन विणते. तुज्या आन दत्ताच्या छातीचं माप बराबर एकच हाय ना अजून? तो पुण्याकडं कामाला जायचं म्हणतो. तुला काही कळवलं का त्यानं? न्हाई ना? बरं.

परीक्षा घेतेत का तेवढं नक्की कळव.

अक्का


दिल्ली
१९ नोव्हेंबर २००३

अक्का,

तुला माहीत होतं. तुझी ती सगळी विचारपूस मला आत्ता कळली.

काल सकाळी सरावाला गेलो तर कडेच्या बाकावर सहा नवे लोक बसलेले. अंगात निळे शर्ट, पाठीवर इंडिया. सतरा नंबरच्या शर्टात दत्तू. मला वाटलं, निरोप द्यायला एवढ्या लांब आला. धावत जाऊन मिठी मारली. तो खाली बघत म्हणाला, "शिवा, मी बी खेळाडू हाय म्हणं."

"कोण म्हणतं?"

"तातेराव सायेब. तुला सांगू नको म्हणून वैनीनं आण घातली व्हती."

मी त्याच्या हातात काठी दिली. त्यानं ती खांद्यावर आडवी टाकली आणि दोन्ही हात वरून लोंबते सोडले, मेंढरांमागं चालतो तसे. पोरं हसली. दुसरा कुणी असता तर मीही हसलो असतो.

त्याच्याशेजारी सेनगावचा खेमा म्हणून एक आहे. एकोणीस नंबर. चार पावलं पळाला की धाप लागून त्याची छाती भरते. दत्तूनं त्याला धाकट्या भावासारखं जवळ केलंय. त्याची पिशवीसुद्धा हाच उचलतो.

मी तातेरावांना गाठलं. ते म्हणाले, "हे सहा तिकडं उतरतील आन आपल्या वाटेनं जातील. तू तुझे गोल अडव. सगळ्यात जास्त फायदा तुझाच हाय."

आज व्हिसासाठी झेक वकिलातीत गेलो होतो. काचेपलीकडच्या साहेबानं दत्तूकडं बोट केलं आणि मला विचारलं, "हा तुमच्या संघात खेळतो?" दत्तू माझ्याकडं बघत होता. मी हो म्हणालो. साहेबानं शिक्का मारला. बाहेर आल्यावर दत्तू माझ्या पाठीवर थाप मारून मोकळं हसला.

वीसही पासपोर्ट तातेरावांच्या बॅगेत आहेत. अक्का, तो जाणार कुठं आहे? माझ्या पत्त्यावर लगेच लिही.

शिवहार


डोंगरकडा
२५ नोव्हेंबर २००३

चि. शिवा,

व्हय, मला माहीत व्हतं. आधी सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणला असतास, आन तू न्हाई म्हणल्यावर मला पुढं जाववलं नसतं.

इटली म्हणून देश हाय. तिथं गाईचे मोठमोठे गोठे हायत आन राबायला माणूस न्हाई. तातेराव म्हणला, जनावरातलं पोरगं असलं की उभ्या उभ्या ठेवून घेतेत. आपल्या माळावर फारेस्टवाल्यांनी तारा ओढल्या, तुला ठावाच हाय. दोनशे मेंढरं व्हती, आता साठ राहिली. दत्ता दिसभर त्या साठ मेंढरामागं फिरतो आन सांजच्याला कुणाशी बोलत न्हाई. दोन जागी पोरगी बघायला गेलो, दोन्हीकडून नकार. मी सासरी आले त्या दिवशी तो सात वर्साचा व्हता, शिवा. माज्या हातानं न्हाऊ घातलंय मी त्याला. त्याचं वाईट व्हावं असं मी करीन का?

मोठ्या मायला यातलं काही माहीत न्हाई. त्यांला वाटतं दत्ता बी खेळायलाच गेला. ग्रामपंचायतीपुढं त्यांचा सत्कार झाला. सरपंचानं शाल घातली. मोठी माय उभ्या राहून म्हणल्या, "माजे दोन लेकरं देशाकडून खेळून राहिले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं खांबाजवळ उभी व्हते, मला वर बघवलं न्हाई.

आता झालं ते झालं. तू एवढंच कर. त्याला त्यांच्या माणसाच्या हाती देईस्तोवर तू त्याच्या संग राहा. मला तसा शब्द दे.

अक्का


झेक प्रजासत्ताक
७ डिसेंबर २००३, रविवार

अक्का,

हे गाव जर्मनीच्या हद्दीजवळ आहे. चहूकडं बर्फ आणि काळी दिसणारी झाडं. बाहेर श्वास घेतला की नाकात टोचतं. हॉल मात्र उबदार, आणि एवढा मोठा की आपलं अख्खं गाव बसेल.

काल आमचा पहिला सामना झाला, यजमानांबरोबर. चोवीस-शून्य. चोवीस आमच्यावर. तरी अक्का, मी किती अडवले ते मोजणारानं मला नंतर येऊन सांगितलं: त्रेपन्न. त्यांच्या कप्तानानं माझा हात धरून वर केला. जन्मात असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या भागात तातेरावांनी त्या सहांना दोन-दोन मिनिटं आत सोडलं, कागदावर दिसावं म्हणून. दत्तूकडं चेंडू आला. तो कडेकडेनं असा पळाला की त्यांची दोन माणसं मागं पडली, आणि मग सगळा जोर लावून त्यानं चेंडू थेट प्रेक्षकांत मारला! लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. दत्तू माझ्याकडं बघून हसत होता, दोन्ही हात वर करून. किती वर्षांत तो तसा हसला नव्हता.

आज सकाळी नाश्त्याला चौदाच जण होते. मी दत्तूच्या खोलीकडं पळालो. गाद्या घडी घातलेल्या, पिशव्या नाहीत. हॉटेलातली बाई खुणेनं म्हणाली, पहाटे पांढरी गाडी आली होती. मला कुणी उठवलं नाही. तुला शब्द द्यायचा राहूनच गेला होता, आता तो पाळायचाही राहिला.

तातेरावांनी एक कागद पुढं केला. हे सहा खेळाडू आपल्या मर्जीनं निघून गेले, असं त्यात होतं. म्हणाले, "तू त्याच्या घरचा. तुझी सही बरी दिसंल." मी केली. माझा नाइलाज होता असं लिहिणार होतो, पण खरं तर मी एकदाही नाही म्हटलं नाही.

खाली टीव्हीवर हवामान सांगतात. आज उणे चौदा होतं. दत्तूच्या पायात कापडी बूट आहेत.

शिवहार


डोंगरकडा
१४ डिसेंबर २००३

चि. शिवा,

हे पत्र तू नांदेडला पोचायच्या आत तिथं येऊन पडावं म्हणून लिवते. आपला दत्ता सुखरूप पोचला!

परवा दुकानावर फोन आला. दाजीनं घेतला, मग मला दिला. पलीकडून म्हणले, "सहाबी पोचले. मी दत्ता बोलतो. काळजी करू नका." एवढंच बोलला आन ठेवला. मला आवाज त्याचा वाटला न्हाई. दाजी म्हणले, थंडीनं बसला असंल. मला वैनी म्हणला न्हाई, नुसतं काळजी करू नका म्हणला. घाईत असंल. तिकडून फोन करायचा म्हणजे सोपं हाय का.

मोठ्या मायला सांगितलं की खेळणं लांबलं. त्या रोज इचारतेत, कोण जिंकलं म्हणून.

तू येताच घरी ये. मी पुरण घालते.

अक्का


नांदेड
१९ डिसेंबर २००३

अक्का,

मी १३ तारखेला आलो. सगळे सामने हरलो. तुझं पत्र मिळालं.

एक काम कर. पुन्हा फोन आला तर त्याला विचार, शिवाच्या कपाळावरची खोक कशानं पडली. बाकी काही बोलू नको. काय उत्तर देतो ते मला कळव.

सध्या परीक्षेची गडबड आहे, यायला जमणार नाही.

शिवहार


डोंगरकडा
३० डिसेंबर २००३

शिवा,

नांदेडहून डोंगरकडा दीड घंट्याचा रस्ता. पंधरा दिस झाले. तू काहून येऊन नाही राहिला?

तुजं तिकडून धाडलेलं पत्र परवा मिळालं. कापडी बुटाचं वाचल्यापासून माजं कशात मन न्हाई.

फोन काल आला. मी इचारलं, शिवाच्या कपाळाला खोक कशानं पडली? मग म्हणला, "सायकलवरून पडला व्हता तो." मी म्हणले, तू कोण हायस? ठेवून दिला. दत्तानं स्वताच्या हातानं ढेकूळ मारलं व्हतं, रगत बघून तुज्यापेक्षा तोच जास्त रडला व्हता. तो कसा इसरंल?

आज दुपारी तातेराव जीप घेऊन आला. ओसरीवर बसला. चहा प्याला. मोठ्या मायच्या पाया पडला आन म्हणला, "पोरगं झकास हाय तुमचं." मोठी माय उठून आत गेल्यावर आवाज न चढवता म्हणला, "वैनी, फोनवर परीक्षा घेऊ नका. पोरगं तिकडं बिगर कागदाचं हाय. इथं कुणी तोंड उघडलं की तिकडं तकलीफ त्याला. आन तुमच्या भावाची सही हाय माज्यापाशी, वकिलातीतलं बोलणं बी त्याचंच हाय." जाताना कोकरू उचलून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बारक्या लेकरावानी.

दाजी समोरच बसून व्हते. आता म्हणतेत, काही करायचं न्हाई, गप राहायचं.

तू काहीतरी लपवून राहिला. मी तुज्यापासून लपवलं त्याचं हे फळ म्हण, पण आता सांग.

अक्का


नांदेड
३ जानेवारी २००४

अक्का,

सांगतो. हे वाचताना मोठी माय जवळ नको.

१० तारखेला आम्ही निघणार होतो. सामान बसमध्ये चढवत असताना पोलिसांचे दोघे जण आले, बरोबर इंग्रजी बोलणारी एक बाई. ती म्हणाली, हद्दीजवळच्या जंगलात दोन माणसं सापडली. एक मेलेला. दुसरा दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे, पण कुठल्याच भाषेत बोलत नाही. कागद दोघांकडंही नाहीत. मेलेल्याच्या अंगात हे होतं. तिनं पिशवीतून निळा शर्ट काढला. सतरा नंबर.

तातेराव म्हणाले, आमचा शर्ट चोरीला गेला होता. बाई आमच्याकडं वळून म्हणाली, "कुणी एक जण दवाखान्यात येईल का? फक्त बघून सांगायचं." मी तिच्यासमोर उभा होतो, एवढ्या जवळ की तिच्या चष्म्यावरचं धुकं दिसत होतं. तातेराव मराठीत म्हणाले, "शिवहार, जो जाईल तो इथंच आत जाईल. बस पाच मिनिटांत सुटते."

मी बसमध्ये चढलो, अक्का. कुणी मला ढकललं नाही. मी स्वतः चढलो आणि खिडकीजवळ बसलो.

तुझं पत्र आलं, दत्तू फोनवर बोलला म्हणून, तेव्हा मला वाटलं, शर्ट दुसऱ्या कुणाच्या अंगात गेला असेल. त्या आशेवर पंधरा दिवस काढले. आता तीही गेली. घरी येऊन मोठ्या मायच्या हातचं कसं खाऊ?

मी ठरवलंय. बुधवारी हिंगोलीला पोलिसांत जाऊन सगळं लिहून देणार. वकिलातीत खोटं बोललो ते, सही केली ते, बसमध्ये चढलो ते. नोकरीचं प्रमाणपत्र आलंय, तेही तिथंच जमा करणार. मला आत टाकतील तर टाकोत. तिकडं तो एकतर दवाखान्यात आहे नाहीतर शवागारात, आणि दोन्हीकडं बिनानावाचा. त्याला नाव तरी मिळावं.

तुमचं नाव मी घेणार नाही.

शिवहार


डोंगरकडा
९ जानेवारी २००४

शिवा,

आमचं नाव घेणार न्हाईस तर गुन्हा काय एकट्याचा हाय तुजा?

तुजं पत्र आलं त्याच दिवशी मी मोठ्या मायला सांगितलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या व्हत्या. पहिल्यापासून सगळं सांगितलं, माजं सुदिक. मग उठल्या, कोकरं आयांपाशी प्यायला सोडली, सगळी पिऊन होईस्तोवर तिथंच उभ्या राहिल्या. परत आल्या आन म्हणल्या, "चल. अंगठा कुठं लावायचा ते दाखव."

पुढचं तुला ठावाच हाय, तू तिथंच व्हतास. मोठी माय तुज्याकडं बघत नव्हत्या म्हणून तू दुखावला असशील. त्या माघारी येताना बसमध्ये मला म्हणल्या, "त्या लेकराच्या अंगात गरम कपडा न्हाई, इचार त्याला, स्वेटर कुठं टाकलं." म्हणून इचारते.

दाजीचं मात्र मला नवल वाटलं. आदल्या दिवशी माज्या अंगावर वरडले व्हते. ठाण्याबाहेर लिंबाखाली उभे राहिले, आत पाऊल टाकंनात. आन मग एकदम आत येऊन टेबलापुढं उभे राहिले, "तातेरावाच्या हाती पोरगं मी दिलं सायेब. भागवत माजं नाव. पयलं माजं लिवा." तुजी मान खाली व्हती, तू त्यांचं तोंड पाहिलं न्हाईस. मी पाहिलं.

साहेबांनी बोलावलं की हजर व्हायचं सांगून आपल्याला सोडलं, कागद दिल्लीला धाडला म्हणतेत. आता वाट पाहाणं हाय. रात म्हणू नको, दिस म्हणू नको, दुकानातला फोन वाजला की आमी दोघी उठतो. तातेरावाची जीप दोनदा गावातून गेली. थांबली न्हाई, हळू झाली आन गेली.

अक्का


दिल्ली
२१ फेब्रुवारी २००४

अक्का,

फोनवर तुला एवढंच सांगता आलं की दत्तू जिवंत आहे आणि माझ्यासमोर आहे. तुम्ही दोघी तिकडं रडत होतात, मी इकडं. बाकीचं लिहितो, कारण त्यातलं एक काम तुला करायचं आहे.

माझा जबाब तिथं पोचल्यावर आपल्या वकिलातीचा माणूस दवाखान्यात गेला. त्यानं दत्तूला त्याचं नाव घेऊन हाक मारली. दीड महिना तो कुणाशी बोलला नव्हता. तेव्हा बोलला. गेल्या आठवड्यात त्याला विमानानं इथं दिल्लीच्या दवाखान्यात आणलं. त्याच्या दोन्ही पायांची बोटं काढावी लागली आहेत. अजून कुबड्या घेऊन चार पावलंच टाकतो. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण मेंढरांमागं नाही. मोठ्या मायला हे आधी सांगून ठेव.

मी विचारलं, "दत्तू, नाव काहून सांगितलं नाहीस रे?"

तो म्हणाला, "मी नाव सांगितलं असतं तर तुला धरलं असतं. साहेबाला तूच व्हय म्हणला व्हतास ना."

मी बसमध्ये चढलो होतो तेव्हा तो माझ्यासाठी गप पडून होता. मी त्याला बसचं सांगितलं. त्यानं खिडकीकडं तोंड केलं. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." माफ केलं म्हणाला नाही. मी माफी मागितलीही नाही.

हॉटेलातून नेलं त्या पहाटे गाडीनं सहांना जंगलात उतरवलं. गाडीवाला म्हणाला, समोर डोंगर दिसतो त्याच्या पलीकडं दिवे दिसतील, तिथं आपला माणूस आहे. दिवसभर चालले. दिवे दिसले नाहीत. बर्फ गुडघ्यापर्यंत. दिवस मावळला तेव्हा सेनगावच्या खेमाची छाती भरली आणि तो खाली बसला. चौघं पुढं गेले, ते कुठं आहेत अजून कळलेलं नाही. दत्तू थांबला. खेमा थरथरत होता म्हणून यानं आपलं स्वेटर आणि शर्ट काढून त्याच्या अंगात घातला आणि त्याला मांडीवर घेऊन बसला. म्हणतो, "कोकराला धरतेत तसा धरला व्हता." उजाडता उजाडता खेमा गेला. लाकडं तोडणाऱ्यांना हे दोघं दुसऱ्या दिवशी सापडले.

आता काम. खेमाच्या घरी हे कुणालाच माहीत नाही. पोलीस चौकशीला गेले होते तेव्हा त्याच्या आईनं भिऊन, तो पुण्याला कामाला आहे म्हणून सांगितलं. तिकडचा सरकारी कागद यायला आणखी महिना लागेल. तोवर तो तिथल्या शवागारात आहे. तातेराव अजून सापडलेला नाही, त्याची माणसं मोकळी आहेत. कोण जाणे त्या घरी काय सांगत असतील. दत्तू रोज सकाळी उठला की पहिलं हेच विचारतो, "खेमाच्या आईला कुणी सांगितलं का?" तिचं नाव पारुबाई. सेनगावात मोंढ्यामागं, धान्याच्या दुकानांना लागून घर आहे.

हे पोलिसाच्या तोंडून जायला नको. मी जाईन म्हटलं तर इथून दत्तूला सोडता येत नाही. अक्का, तू जाशील का?

शिवहार


सेनगाव
१ मार्च २००४

चि. शिवा,

हे पत्र पारुबाईच्या घरून लिवते.

दाजी आन मी काल सकाळी निघालो. हिंगोलीपर्यंत एसटी, पुढं जीप. घर विचारत गेलो तर पारुबाई दारात तूर पाखडत बसल्या व्हत्या. मी म्हणले, माजा दीर तुमच्या खेमासंग गेला व्हता. त्यांनी सूप तसंच ठेवलं आन माजा हात धरून आत नेलं. बसायला गोधडी टाकली, चहा ठेवला. लई आनंदल्या, शिवा. म्हणल्या, "खेमाच्या संगतीचं कुणी भेटावं म्हणून लई दिस झाले वाट पाहून राहिले व्हते."

त्याच बोलत व्हत्या. म्हणल्या, "मंगळवारीच फोन आला व्हता त्याचा. म्हणला, आई, तिकडची हवा मानवली, माजी छाती आता दुखत न्हाई."

दाजी उठून बाहेर गेले.

मी इचारलं, "तुमी आवाज वळखला का त्याचा?"

पारुबाईनं माज्याकडं पाहिलं. मग लई बारीक आवाजात म्हणल्या, "न्हाई वळखला. पन त्यानं मला आई म्हणलं."

तवा मी त्यांचे दोन्ही हात धरले आन सांगितलं. फिरवून न्हाई सांगितलं, तुज्या पत्रात हाय तसंच सांगितलं. त्या रडल्या न्हाईत. आधी म्हणल्या, तू खोटं बोलतीस. मग म्हणल्या, तू कोण मला सांगणारी, निघ माज्या घरातून. मी निघाले न्हाई. चहा गार झाला. बाहेर दाजी भिताडाला टेकून बसले व्हते, शेजारची माणसं गोळा व्हायला लागली व्हती. मग कितीतरी वेळानं पारुबाईनं मला इचारलं, "त्याच्यापाशी कुणी व्हतं का?"

मी म्हणले, "आमचा दत्ता व्हता. उजाडेस्तोवर त्याला मांडीवर घेऊन बसला व्हता."

त्यांनी माज्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग रडल्या.

दाजीला मी माघारी धाडलं. खेमाला घरी आणायचे कागद कुठं, कसे करायचे ते साहेबांना विचारायला ते उद्या हिंगोलीला जातेत. मी इथंच राहाते आठ-पंधरा दिस. पारुबाईला घरात एकटं सोडण्यासारखं न्हाई. त्या भाकर खात न्हाईत, मी केली तर दोन घास घेतेत.

आज दुपारी शेजारच्या दुकानातून पोरगी पळत आली, पारुबाईचा फोन हाय म्हणून. त्या जागच्या उठल्या न्हाईत, माज्याकडं बघत राहिल्या. मी गेले. फोन कानाला लावला. पलीकडून म्हणला, "आई, मी खेमा."

मी म्हणले, "खेमा बारा हप्त्याखाली मेला. त्याच्या आईला सांगितलं मी. मी डोंगरकड्याची सत्यशीला, दत्ताची वैनी. तातेरावाला माजं नाव सांग."

त्यानं ठेवला न्हाई. मग मीच ठेवला.

तू दत्ताला घेऊन ये. दाजी कागदापायी फिरतेत, मोठी माय घरी एकट्याच असतेत, त्यांच्यापाशी राहा.

अक्का